शेजारच्यांना त्रास न होता परफ्यूम कसं वापरायचं? आणि रंग बदललेली बाटली टाकून द्यायची का?

नमस्कार मंडळी,

मला सुगंधांची मनापासून आवड आहे. सकाळी परफ्यूम लावायचं राहिलं, तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. सध्या मात्र पेच पडलाय, म्हणून हा धागा.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मायग्रेन आहे. तिने कधीच तक्रार केलेली नाही. विचारलं तर "छे गं, तुझ्या परफ्यूमचं काही नाही" म्हणते. पण मी जरा भारी वासाचं काही लावून गेले, की ती लॅपटॉप उचलून खिडकीजवळ जाऊन बसते, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. भिडस्त आहे, तोंडावर बोलायची नाही. मला परफ्यूम सोडवत नाही, आणि तिचं डोकं माझ्यामुळे दुखावं हेही नको आहे.

त्यात भर म्हणजे मला माझ्याच परफ्यूमचा वास तासाभरात येईनासा होतो. उडून गेलं असं वाटतं, तेवढ्यात जवळून जाणारं कोणीतरी "कुठलं लावलंयस?" असं विचारतं. म्हणजे वास असतो, फक्त मला येत नाही. मग जास्त झालं की कमी, हे मी ठरवायचं कशावरून?

निवडतानाही तीच गत. कागदाच्या पट्टीवर जे ताजं, लिंबूवर्गीय वाटतं ते अंगावर दुपारपर्यंत नुसतं गोडमिट्ट उरतं. ऑफिससाठी ईडीपीपेक्षा (ओ द पार्फम) ईडीटी (ओ द तुआलेत) बरं, ते हलकं असतं, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात जवळचं. ताईने दिलेली एक बाटली आहे, निम्म्याहून जास्त भरलेली. आणली तेव्हा फिकट पिवळी होती, आता तांबूस-तपकिरी झालीय. फवारलं की आधी काहीतरी आंबूस, वॉर्निशसारखं नाकात जातं आणि थोड्या वेळाने तोच ओळखीचा वास येतो. ते परफ्यूम आता बनत नाही. टाकून द्यायला हात धजत नाही. लावलेलं चालेल का? आणि उरलेलं टिकवायचं कसं?

प्रतिसाद १

वास येईनासा होणं अगदी स्वाभाविक आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतात. म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरल्याशिरल्या तिथला वास जाणवतो, आपल्या घराचा कधीच नाही. तेव्हा "मला येत नाही" हे पुन्हा लावायचं कारण धरू नका. भपका सोडत फिरणारी बहुतेक माणसं इथेच फसतात.

आणखी एक गोष्ट. काही रेणूंचे वास काही जणांना जन्मतःच येत नाहीत किंवा फार पुसट येतात. कृत्रिम कस्तुरीच्या बाबतीत हे बरंच आढळतं. बीटा-आयोनोन हा व्हायोलेट फुलांच्या वासाचा रेणू कोणाला किती जाणवणार, हे तर मुख्यतः एका जनुकावर ठरतं. त्यामुळे परफ्यूमचा तळ, म्हणजे शेवटपर्यंत उरणारा वास, कस्तुरीचा असेल, तर तुम्हाला "संपलं" वाटतं तेव्हा शेजारणीला ते चांगलंच येत असू शकतं.

मोजमाप नाकाने नाही, फवाऱ्याने ठरवा. घरातल्या कोणाला तरी हातभर अंतरावर उभं करा आणि लावल्यावर तासाभराने विचारा. त्या अंतरावर पुसट आला तर ठीक, खोलीत शिरताच आला तर ऑफिससाठी जास्त आहे. गळ्यावर लावू नका. तिथून सगळा दरवळ थेट तुमच्याच नाकात जातो आणि नाक लवकर सरावतं. कपड्यांच्या आत, छातीखाली किंवा पोटावर एकच फवारा द्या. अंगाच्या उबेने वास येत राहतो, पण कापडातून गाळून, हळूहळू.

प्रतिसाद २

ईडीटी-ईडीपीचा हा समज मला खोडायचाच आहे, कारण त्यावर विसंबून लोक चुकीची बाटली घेतात.

ईडीटीमध्ये सुगंधी द्रव्यांचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असतं, ईडीपीमध्ये 15 ते 20 च्या आसपास. हे ढोबळ आकडे आहेत, कंपनीगणिक बदलतात. पण प्रमाण म्हणजे पसारा नव्हे. एकाच नावाच्या ईडीटीत आणि ईडीपीत कित्येकदा सूत्रच वेगळं असतं. ईडीटीत चटकन उडणारी द्रव्यं जास्त घातलेली असतील, तर ते पहिल्या तासात खोलीभर पसरतं. ईडीपी जड लाकडी वासाचं असेल, तर अंगालगत बसून राहतं. तुमच्या कामाला दुसरा प्रकार बरा. लेबल वाचून हे कळत नाही, लावूनच बघावं लागतं.

तुमचं "दुपारी गोडमिट्ट" त्यातूनच आलंय. लिंबूवर्गीय रेणू लहान आणि हलके, ते पंधरा-वीस मिनिटांत उडायला लागतात. फुलं आणि मसाले मागे काही तास रेंगाळतात. व्हॅनिला, लाकूड, राळ, कस्तुरी हे शेवटपर्यंत उरतं. दुकानात तुम्ही विकत घेता ती पहिली पंधरा मिनिटं, आणि घालवता दिवस उरलेल्या तळासोबत! म्हणून पट्टीवरचा पहिला वास हा फक्त नापसंत बाटल्या गाळायला वापरा. पट्टी लगेच नाकाला लावू नका, आधी अल्कोहोल उडू द्या. एका वेळी तीन-चारच्या वर हुंगू नका. मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत. बाहेर जाऊन या, किंवा स्वतःच्या कोपराच्या खळीत नाक घाला. जे आवडेल ते मनगटावर लावा आणि सरळ घरी जा. संध्याकाळी मनगटावर जे उरलंय ते आवडलं, तरच बाटली घ्या.

मनगटं एकमेकांवर घासल्याने रेणू "तुटतात" हे खोटं आहे. घासून फक्त ऊब येते आणि वरचा ताजा थर लवकर जातो.

प्रतिसाद ३

मी मायग्रेनवालीच आहे, म्हणून तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने लिहिते.

आम्ही "काही नाही" म्हणतो, कारण रोज कोणाला सांगत बसणार? वास हे बऱ्याच जणांचं मायग्रेन सुरू होण्याचं कारण असतं. आणि अटॅक चालू असताना आवडीचा वाससुद्धा सहन होत नाही. त्यामुळे "सौम्य परफ्यूम" याचं सर्वांना लागू पडेल असं उत्तर नाही. मला पांढऱ्या फुलांचे गोड वास भोवतात. माझ्या भावाला तेच चालतात, पण तीव्र लाकडी वास चालत नाहीत.

"त्रास होतो का?" असं विचारू नका. "कुठला वास तुला चालत नाही?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला भिडस्त माणूस नाहीच म्हणणार. दुसऱ्याला खरं उत्तर देता येतं, तुम्हाला दोष न देता. ती म्हणाली की कुठलाच नको, तर ऑफिसला खरंच लावू नका. संध्याकाळ आणि सुट्टी तुमचीच आहे. आणि परफ्यूम बंद केलं तरी हेअर ऑइल, बॉडी लोशन, कपड्यांचं कंडिशनर यांचा वास असतोच. "अनसेंटेड" लिहिलेल्या वस्तूतही कधीकधी मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असतो. "फ्रॅग्रन्स-फ्री" बघून घ्या.

प्रतिसाद ४

ताईच्या बाटलीबद्दल. रंग बदलला म्हणून परफ्यूम गेलं असं धरू नका. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा रेणू, उजेडाने आणि हवेने तपकिरी पडतं, आणि गेर्लाँ या फ्रेंच कंपनीच्या 1889 सालच्या 'जिकी' परफ्यूमपासून ते परफ्यूममध्ये आहे. रंगावर जाऊ नका, वासावर जा.

तुम्हाला येणारा आंबूस, वॉर्निशसारखा वास मात्र खरोखर बिघाडाचा आहे. लिंबूवर्गीय तेलातलं लिमोनीन, लॅव्हेंडर-बर्गामोटमधलं लिनालूल यांचं हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडेशन होतं. हलके वास आधी बिघडतात, तळ टिकून राहतो. म्हणूनच थोड्या वेळाने ओळखीचा वास परत येतो.

लावायचं का? ऑक्सिडेशन झालेलं लिमोनीन आणि लिनालूल त्वचेला ॲलर्जी आणू शकतं, मूळ द्रव्यापेक्षा कितीतरी जास्त. माझं मत विचाराल तर अंगावर लावू नका. पूर्वी कुठल्या सुगंधाने पुरळ आलं असेल तर अजिबात नको. सुती ओढणीच्या किंवा रुमालाच्या टोकावर लांबून फवारा, आंबूसपणा उडाला की मग घ्या. रेशमावर आणि पांढऱ्यावर नको, तपकिरी डाग जात नाही.

टिकवायचं तर शत्रू तीन: उजेड, उष्णता, हवा. मूळ खोक्यात घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. न्हाणीघरात नको, तिथे दिवसातून कितीदा तापतं आणि निवतं. गाडीत तर मुळीच नको, अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. फ्रीज चालेल, पण रोज आत-बाहेर करणार असाल तर त्यात अर्थ नाही. फ्रान्समध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक नावाचं परफ्यूमचं संग्रहालय आहे, 1990 साली सुरू झालेलं. तिथे बंद पडलेली परफ्यूम अंधारात, 12 अंश सेल्सियसला, बाटलीतल्या मोकळ्या जागेत हवेऐवजी आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरून जपतात. घरी आर्गॉन कुठला, पण अंधार आणि सारखं तापमान आपल्या हातात आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून बराच वेळ गप्प बसले होते. "कुठला वास चालत नाही" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. उद्याच विचारते, आणि तिचं उत्तर येईपर्यंत ऑफिसला काही लावणार नाही.

ताईची बाटली खोक्यात घालून कपाटात ठेवली. एकच शंका राहिली. ती पूर्ण भरलेली नाही, म्हणजे आत हवा आहेच. लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर जास्त टिकेल का?

प्रतिसाद ४

विचार बरोबर आहे, पण ओतताना प्रत्येक थेंब हवेतून जातो आणि तेवढ्यात बरीच नवी हवा मिसळते. मूळ बाटलीचा फवारा पत्र्याने दाबून घट्ट बसवलेला असेल तर तो उचकटू नका. त्याच्याइतकं घट्ट झाकण घरी बसवता येत नाही. तशीच राहू द्या, उभी ठेवा. सोबत न्यायला हवं असेल तर काचेच्या छोट्या बाटलीत थोड्या दिवसांपुरतं फवारून घ्या. प्लास्टिकची नको, त्यात वास मुरतो.