'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडचं 'रेडिओ फ्रेंडली युनिट शिफ्टर' (म्हणजे रेडिओवर चालणारा, धडाधड खपणारा माल) फंक्शनला वाजवावं का? आणि नाव टोमणाच आहे ना?

भंवरकुआँवाला:
कॉलेजच्या फंक्शनला आमचा बँड हे घेतोय. सुदामा नगरात प्रॅक्टिस असते, खालच्या काकू आधीच वैतागल्यात कारण सुरुवातीलाच गिटार जी किंचाळते ती थांबतच नाही. ड्रमर म्हणतो नाव रेडिओ फ्रेंडली आणि गाणं असं, पब्लिक उठून जाईल. आणि ती शिट्टी काढायची कशी? एक डिस्टॉर्शन पेडल आणि छोटा अँप, एवढंच आहे.

जुनी_कॅसेट:
टोमणाच भिया. त्यांचा 'नेव्हरमाइंड' अल्बम १९९१ चा, जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून एक नंबर गाठला, मग सगळ्यांचे डोळे पुढच्या अल्बमच्या खपाकडे. आणि हे गेले कुणाकडे, तर रेकॉर्डिंगवाल्या स्टीव्ह अल्बिनीकडे, जो रॉयल्टी घ्यायचाच नाही, १ लाख डॉलर एकरकमी घेऊन मोकळा! फेब्रुवारी १९९३, मिनेसोटात, दोनेक आठवड्यांत काम खतम.

बेसवाला_इंदूर:
हो पण तोच अल्बम, 'इन युटेरो', ज्यात हे गाणं आहे, सप्टेंबरात आला आणि अमेरिकेत सरळ एक नंबर, म्हणजे टोमणासुद्धा खपलाच ना 😄 शिवाय त्यातली 'हार्ट शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही गाणी दुसऱ्या प्रोड्युसरकडून, स्कॉट लिटकडून रिमिक्स करून घेतली, सिंगल म्हणूनही तीच काढली. नंतर वॉलमार्ट-केमार्ट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांसाठी मागचं कव्हरही बदललं. मला तरी थोडं ढोंगच वाटतं.

जुनी_कॅसेट:
ढोंग कसलं, या गाण्याचा मिक्स अल्बिनीचाच ठेवला की. सिंगल नाही, रिमिक्स नाही, आणि टूरवर कितीतरी शो यानंच सुरू करायचे, पब्लिक हिट गाण्यांची वाट बघतंय आणि वर हा कल्ला.

सहा_तारा:
शिट्टीचं सांगतो. गेन (अँपवरचं आवाज तापवायचं बटण) वाढव, गिटार घेऊन स्पीकरकडे तोंड करून अगदी जवळ उभा राहा, एक नोट धरून ठेव, आवाज परत पिकअपमध्ये (तारांची थरथर पकडणारं गिटारमधलं चुंबक) शिरतो आणि आपोआप वाढत जातो. अंतर आणि कोन थोडा बदललास की सूरही बदलतो. बंद करायचं तर तारांवर तळवा ठेव आणि व्हॉल्यूम शून्य. छोट्या अँपला जरा जास्त जवळ जावं लागेल, हेडफोनवर मात्र होणार नाही. आणि लिस्टमध्ये पहिलंच ठेवा, मध्ये घातलं तर ड्रमर म्हणतो तसंच होईल.

भंवरकुआँवाला:
पहिलंच ठेवतो. साउंडवाल्याला आधी सांगून ठेवावं लागेल, नाहीतर माईक बोंबलतोय समजून तो फेडरच (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) खाली करेल.