धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) समाध्या साफ करतोय, ॲसिड चालेल का?

धुऱ्यावरचा: दर्यापूर तालुका. आमच्या वावराच्या धुऱ्यावर पणजोबांची समाधी, शेजारी आणखी चार. बाभळीनं पार गिळलेल्या. पोळ्यानंतर आम्ही पाच जणांनी झुडपं तोडली. काळ्या दगडावर ‘शके १८४’ एवढंच लागतं, शेवटचा आकडा शेवाळाखाली. चुलतभाऊ म्हणतो, ॲसिड टाक, वरून सिमेंट. टाकू का?

वऱ्हाडी काका: ॲसिडचं नावही काढू नको बाप्पा! मी आजीच्या समाधीवर तारेचा ब्रश चालवला होता. शेवाळ गेलं, सोबत नावातली ‘बाई’ही गेली. साधं पाणी, नायलॉनचा ब्रश, अक्षरांत बांबूची काडी. बस.

चुनाभट्टी: सिमेंटही नको. तुमचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट; सिमेंटनं ओल आत कोंडते, क्षार दगडाचे पापुद्रे काढतात. सांधे चुन्यानंच भरा. बाभूळ उपटू नका, बुंध्याशी कापा, नाहीतर मुळासोबत चौथरा येईल.

वऱ्हाडी काका: आकडा वाचायला रात्री जा, टॉर्च दगडाला लागून आडवी धर. साप पाहून हां.

धुऱ्यावरचा: गेलो काका. ३ आहे! शके १८४३, म्हणजे १९२१-२२. घरी सगळे १९३० धरून बसले होते. उरलेल्या चौघांची घरं शोधतोय, एक सुरतेला गेलंय म्हणे.