मदत हवी आहे: दुबईसाठी मॅरेज सर्टिफिकेट अटेस्टेशन, सोलापूरहून कसं करायचं?

नमस्कार मंडळी, दाजी दुबईला कामाला आहेत आणि ताईचा फॅमिली व्हिसा करायचाय, त्यासाठी मॅरेज सर्टिफिकेट अटेस्ट (म्हणजे ते खरं असल्याचा सरकारी शिक्का) करून मागितलंय. सर्टिफिकेट सोलापूर महापालिकेचं आहे. यूएई हेग करारात (कागदपत्रं एकमेकांकडं मान्य करायचा देशादेशांतला करार) नाही म्हणून अपॉस्टिल (त्या करारातला एकच शिक्का) चालत नाही, आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई एम्बसी आणि शेवटी तिकडं मोफा (यूएईचं परराष्ट्र मंत्रालय), एवढं कळलंय. आपलं परराष्ट्र मंत्रालय थेट आपल्याकडून कागद घेत नाही, ठरलेल्या एजन्सीतूनच द्यावे लागतात, ते पण माहितीय.

अडलंय पहिल्याच पायरीला. मुंबईला मंत्रालयात ताईलाच जावं लागतं का मी भाऊ म्हणून ऑथॉरिटी लेटर घेऊन गेलो तर चालतंय? सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी पोचायला काय नाही, पण तिथं "उद्या या" म्हणले की राहायची पंचाईत. इथं सोलापुरात सात रस्त्याला एकजण सगळं करून देतो म्हणतोय पण ओरिजिनल आत्ताच द्या म्हणतोय आणि पावती मागितली की विषय बदलतोय, मला तर ते काय पटंना.

अजून एक, ताईच्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव आहे, दाजींचं नाव चढवलेलं नाही, त्यानं पुढं एम्बसीत अडवतात का?

अलीकडं कुणी स्वतः केलं असंल तर सांगा. एजंट लोकांनी कृपया नंबर टाकू नका.