मदत हवी आहे: रोपांची मुळं तपकिरी आहेत, लावू की परत करू?

घाईत_आहे
रोपं आली. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, पांढरं टोक औषधालाही नाही. वरून हिरवीगार. परवा लागवड आहे. मेलीत का? हो की नाही एवढंच सांगा.

पानगळ
कसली रोपं? ट्रेमधली की उघड्या मुळांची? सुप्तावस्थेत आहेत का?

घाईत_आहे
पाइन. ४००. झोपलेलीच असणार, शीतगृहातून आलीत.

हिरवा_हात
ट्रायकोडर्मा ओता, मूळकुजीवरचं जैविक औषध. मी सगळ्यावर तेच ओततो.

खवचट
मढ्यावर ओतून काय होणार? आधी मेलंय का ते तर बघू. सुप्त रोपाला पांढरी टोकं नसतात, तपकिरी म्हणजे मेलं असं नाही. आणि हिरव्या पाल्यावर जाऊ नका, मुळं गेली तरी पाइन काही आठवडे हिरवा दिसतो. नखाने मुळाची साल खरवडा. आत पांढरट, चिवट असेल तर जिवंत. आत तपकिरी पाणचट असेल, किंवा चिमटीत ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून नुसता दोरा उरला, तर कुजलंय.

डोंगरवेडा
नखाने कसलं कळतंय! दहा-पंधरा रोपं कुंडीत लावा, २० अंशांच्या आसपास ठेवा, दोन आठवड्यांनी १ सेंमीपेक्षा लांब नवी पांढरी मुळं मोजा.

घाईत_आहे
परवा लागवड आहे हो!!

उंबरठा
दोन रोपांत ३ मीटर ठेवा. २ मीटरवर लावून पस्तावलोय.

पानगळ
ट्रे की उघडी, हे अजून सांगितलं नाहीत.

घाईत_आहे
ट्रे. मुळांभोवतीचे काही मातीचे गोळे हातात घेताच भुगा झाले. मुळांवर पांढरी बुरशी पण आहे, ती धुतोय.

खवचट
थांबा, धुऊ नका! बारीक टोकं बेचक्यासारखी दुभंगलेली आहेत का? मूळ टणक आहे का? मग तो मायकोरायझा, म्हणजे मुळांवर राहणारी उपयोगी बुरशी, पाइनचा सोबती.

हिरवा_हात
बुरशी ती बुरशीच.

खवचट
ट्रायकोडर्मा काय आहे मग? तीही बुरशीच!

घाईत_आहे
बेचकी आहेत. वीस रोपं खरवडली. तेरा आत पांढरी. सातांची साल हातात आली, ती सातही एकाच ट्रेमधली. त्याच्या तळाची भोकं बुजलीत, आत चिखल.

पानगळ
तो ट्रे बाजूला काढा, फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. बाकीच्या प्रत्येक ट्रेमधून चार-पाच बघा, नुसती कडेची नकोत. बघताना मुळं ओल्या गोणपाटात ठेवा, उघड्यावर लगेच सुकतात.

घाईत_आहे
बरं. उंबरठा, ते अंतर ३ मीटर म्हणालात, ओळींतलं की रोपांतलं?