जाफना विद्यापीठ, ऑक्टोबर १९८७: मैदानावर उतरलेली तुकडी एकटी का पडली?

प्रश्न: ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेने एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या नेत्यांना पकडण्यासाठी जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले. संघटनेचा प्रमुख प्रभाकरन निसटला. १३ शीख लाइट इन्फन्ट्री या पायदळ पलटणीच्या ३० जणांपैकी २९ धारातीर्थी पडले, एक कैद झाला. 'बातमी फुटली' एवढंच कारण सगळीकडे सांगतात. तेवढ्याने एवढी हानी होते का?

नकाशेवाला: बातमी फुटली होती. वायरलेसवरचं बोलणं एलटीटीईने ऐकलं होतं. पण माझ्या मते घात झाला तो फेऱ्यांमुळे. एमआय-८ हेलिकॉप्टरमध्ये जेमतेम २४ माणसं बसतात, शस्त्रसामान घेतलं की आणखी कमी. हेलिकॉप्टरं मोजकी, म्हणजे तीच पलालीच्या हवाई तळावर जाऊन पुढची खेप आणणार. पहिल्या खेपेला शत्रू गाफील असू शकतो. दुसरी येते तेव्हा मशीनगन मैदानाकडे वळलेल्या असतात. इथे तर तो पहिल्यापासून सावध होता आणि मैदानाभोवती इमारती होत्या. आधी उतरलेल्या '१० पॅरा' या पलटणीच्या कमांडोंनी पुढच्यांसाठी जागा दाखवायची होती. तेच गोळीबारात अडकले. हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या, खेपा थांबल्या. मागून कुमक येईल या हिशोबाने उतरलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची ती ३० जणांची प्लाटून तशीच राहिली.

प्रश्नकर्ता: मग जमिनीवरून मदत का पोहोचली नाही?

रणगाडा७२: रस्त्यांत सुरुंग पेरलेले, घराघरांतून गोळीबार. पायदळाची वाट तिथेच अडली. टी-७२ रणगाडे अखेर रेल्वेमार्गावरून घातले, कारण रुळांवर सुरुंग नसण्याची शक्यता जास्त. ही वाट आधीच ठरवून, रणगाडे इंजिन चालू ठेवून उभे करायला हवे होते. उतरलेल्या तुकडीकडे किती तास पुरेल एवढा दारूगोळा आहे आणि जमिनीवरून पोहोचायला किती तास लागतील, हे दोन आकडे शेजारी लिहायचे. दुसरा मोठा असेल तर उडायचंच नाही. आपल्या जवानांच्या एसएलआर रायफलीच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या. पाच मॅगझिन धरली तर १००. मिनिटाला पाच झाडल्या तरी वीस मिनिटांत संपतात, आणि ही प्लाटून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लढत होती! समोर एके-४७, ३० गोळ्यांचं मॅगझिन. शांतिसेनेला एके रायफली नंतर मिळाल्या.

नकाशेवाला: दारूगोळ्याचं पटलं. पण जास्त गोळ्या म्हणजे जास्त वजन, म्हणजे प्रत्येक खेपेत माणसं कमी आणि खेपा वाढणार. म्हणून मी आधी जागा बदलली असती. इमारतींच्या कुशीतलं मैदान नको. थोडं लांब उतरून पायी जावं. वेळ जातो, पण माथ्यावरून मारा होत नाही. आणि मोहीम आवरती घ्यायची खूण आधीच ठरलेली हवी: जागा दाखवणारा दिवा दिसला नाही तर पुढची खेप उतरवायची नाही, आणि उतरलेल्यांना कोणत्या वाटेने बाहेर काढायचं तेही कागदावर हवं. वायरलेस बंद पडला तरी तुकडीला ती वाट ठाऊक असली पाहिजे.