मुंबईत लाकडी स्लॅब? बाहेरचं पॅनल आणण्याआधी आपलं प्रॉडक्ट बनवायला हवं

दादरचा स्ट्रक्चरवाला:
हल्ली मीटिंगला बसलं की कोणीतरी सीएलटीचा, म्हणजे क्रॉस-लॅमिनेटेड टिंबरचा, विषय काढतंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फळ्यांचे थर एकावर एक आडवे-उभे रचायचे, मध्ये गोंद, वरून प्रेस, आणि त्यातून जे जाड पॅनल निघतं त्याचाच स्लॅब, त्याचीच भिंत. १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत हे पुढे आलं. नॉर्वेची म्योस्टॉर्नेट ही लाकडी इमारत २०१९ ला ८५ मीटरवर गेली, अमेरिकेत मिलवॉकीची ॲसेंट २०२२ ला २५ मजल्यांवर. मला हे हवंय, पण तिकडच्या स्प्रूस नावाच्या थंड हवेतल्या झाडाचं पॅनल जहाजाने आणून इथे बसवणं मला पटत नाही. कोकणातला बांबू, निलगिरी, सुरूचं झाड, जे शेतात लावता येतं त्यातून आपण प्रॉडक्ट तयार करावं आणि पहिल्या दिवसापासून आपल्या दमट हवेसाठी करावं. आरसीसी एका घनमीटरला अडीच टन, सीएलटी पाचशे किलोच्या आसपास. जुन्या बिल्डिंगवर मजला चढवायचाय किंवा भरावाच्या जमिनीवर पाया घ्यायचाय तिथे हा फरक केवढा मोठा आहे ते कोणत्याही इंजिनीअरला विचारा.

रे रोडचा सुतार:
साहेब, वडिलांपासून आमचं लाकडाचंच काम, म्हणून स्पष्ट बोलतो. जूनपासून पुढचे चार महिने इथे हवेतच पाणी असतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच राहिली की कूज धरते. पावसाचं एकवेळ सोडा, बाथरूमचं काय? वरच्या फ्लॅटवाल्याने फरशी बदलताना वॉटरप्रूफिंग फोडलं आणि सोसायटीत दोन वर्षं भांडण चाललं तर तेवढ्यात तुमचा स्लॅब आतून गेलेला असेल, आणि खाली फॉल्स सीलिंग असल्यामुळे कोणाला दिसणारही नाही. वाळवीचं तर मी अजून बोललोच नाही.

गिरगावकर:
सुतारदादा, आमची चाळ शंभरी ओलांडलेली, खांब, तुळया, जिना सगळं बर्मा सागवान, अजून उभं आहे. त्यामुळे लाकूड मुंबईत टिकत नाही हे मला मान्य नाही. पण स्ट्रक्चरवाल्यांना पण एक विचारायचंय. आमच्याकडे तुळईचं टोक भिंतीत कुजलं तेव्हा टेकू लावून तेवढी तुळई बदलली, सुताराला कळत होतं काय करायचं ते. आणि सागवानात तेल असतं मुळातच. तुमच्या निलगिरीत काय आहे? आणि गोंदाचं अखंड पॅनल मधूनच कुजलं तर ते काढणार कसं, वर माणसं राहत असताना?

कुडाळची मुलुंडकर:
बांबूचं मी सांगते. माझं माहेर सिंधुदुर्गातलं, आमच्याकडचा माणगा जातीचा बांबू बराचसा भरीव असतो. बांबूत स्टार्च असतो म्हणून भुंगा लागतो आणि खाली भुसा पडायला लागतो, हे खरंय. पण पट्ट्या काढल्या की चिकटवायच्या आधीच बोरॅक्स-बोरिक ॲसिडमध्ये मुरवता येतात, आख्ख्या काठीपेक्षा पट्टीत ते आतपर्यंत जातं. मात्र त्यातलं बोरॉन पावसाने धुऊन निघतं, म्हणून हे प्रॉडक्ट उघड्यावर चालणार नाही, आत वापरायचं. बंगळुरू एअरपोर्टच्या टर्मिनल २ मध्ये इंजिनीअर्ड, म्हणजे पट्ट्या चिकटवून बनवलेला, बांबू आतूनच किती वापरलाय बघा. २०१७ ला कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू आता कायद्याने झाड नाही, तोडायला पूर्वीसारखी परवानगी लागत नाही. तरी आमच्याकडून अजून काठीच जाते, माल बनवायचा कारखाना जवळ हवा. शेतकऱ्याला पैसे तिथे मिळतील.

फायर कन्सल्टंट, ठाणे:
ताई, आगीबद्दल कोणी बोलतच नाहीये. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.७ मिमी जळतं, आतलं लाकूड थंड राहतं, हा हिशोब बरोबर आहे. पण तो गोंद टिकला तर. गोंद तापून सुटला की जळका थर खाली पडतो आणि ताजं लाकूड पुन्हा पेट घेतं. अमेरिकेत याच कारणाने २०१८ च्या सीएलटी स्टँडर्डमध्ये गोंदाची टेस्ट कडक केली. बांबूच्या थराचं असं टेस्टिंग झाल्याशिवाय मी तरी रहिवासी टॉवरला हो म्हणणार नाही. आणि ॲसेंटचं उदाहरण देताना पूर्ण द्या, तिथे खालचे पार्किंगचे मजले आणि लिफ्टचे कोअर, म्हणजे लिफ्टभोवतीच्या भिंती, काँक्रीटचेच आहेत.

दादरचा स्ट्रक्चरवाला:
बरोबर, आणि म्योस्टॉर्नेटलाही वरच्या सात मजल्यांचे स्लॅब काँक्रीटचे आहेत, वाऱ्यात बिल्डिंग फार हलू नये म्हणून वजन मुद्दाम वाढवलंय. मी टॉवरची घाई करतच नाहीये. बाथरूम-किचनचा पट्टा आरसीसीत, कोरड्या खोल्यांवर लाकडी पॅनल, असं मिश्र करा. गिरगावकर, अखंड पॅनलऐवजी बोल्टने निघणाऱ्या छोट्या कॅसेट, म्हणजे सुटे छोटे पॅनल, करता येतील, तुमच्या प्रश्नामुळेच मला हे जास्त पटतंय.

रे रोडचा सुतार:
कॅसेटचं ठीक आहे, ते मला समजतं. पण मरीन प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून गोंद तपासतात, तशी टेस्ट आख्ख्या पॅनलची कुठे आहे? आधी चार कॅसेट टाका इथे कुठेतरी, खाली सीलिंग न लावता, वर मुद्दाम गळका नळ ठेवा आणि दोन पावसाळे जाऊ द्या. तोवर माझा विरोध आहे.

कुडाळची मुलुंडकर:
माणग्याच्या पट्ट्या मी मिळवून देते. मुरवायचं काम कुडाळलाच करू, म्हणजे ओली काठी इकडे आणायला नको. प्रेस कोणाकडे आहे?