टॉप्सिससाठी सामान्यीकरणाची कोणती पद्धत घ्यावी?

प्रश्न : टॉप्सिस म्हणजे अनेक निकषांवर पर्यायांची क्रमवारी लावण्याची पद्धत; तिच्यासाठी आधी सर्व निकषांचे आकडे एका मापात आणावे लागतात, तेच सामान्यीकरण. तीन पंपांच्या किमती १८,०००, २०,००० आणि २४,००० रुपये होत्या. किमान-कमाल पद्धतीने (सर्वांत स्वस्ताला १, सर्वांत महागाला ०) त्यांचे गुण १, ०.६७ आणि ० आले. मात्र ४८,००० रुपयांचा चौथा पंप यादीत येताच ते १, ०.९३ आणि ०.८ झाले आणि एकूण क्रमवारीत दुसरा पंप पहिल्याच्या वर गेला. चूक माझी की पद्धतीची?

उत्तर : तुमचे गणित बरोबर आहे. ही पद्धत दोन टोकांवरच उभी असल्याने, नवा महाग पर्याय आला की जुन्यांमधले अंतर आक्रसते आणि किमतीला दिलेला भार नकळत हलका होतो. ह्वांग आणि यून यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या टॉप्सिसमध्ये सदिश पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक आकड्याला सर्व आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे. तिच्यात पहिल्या व तिसऱ्या पंपातले अंतर ०.१७ वरून ०.१० होते, म्हणजे घसरण सौम्य असते, पण असतेच.

उत्तर : एक पुस्ती जोडतो. सदिश पद्धत गुणोत्तरे टिकवते, म्हणून किमतीला ती शोभते. तापमानाला नाही, कारण सेल्सिअस आणि फॅरनहाइटमध्ये निकाल वेगळे येऊ शकतात. मी तर टोके आधीच ठरवून टाकतो. मानव विकास निर्देशांकात आयुर्मानासाठी २० आणि ८५ वर्षे अशी स्थिर टोके आहेत, त्यामुळे एखादा देश वगळला तरी इतरांचे गुण जागचे हलत नाहीत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. १०,००० आणि ५०,००० ही टोके धरून तक्ता पुन्हा मांडतो.